आवाज गेल्यानंतरची शाळा

आमच्या दादांच्या आवाजाचं सांगायला बसले की माझी सून म्हणते, "आई, हळू बोला, शेजारच्या वस्तीवर ऐकू जातंय." म्हणजे तो थोडा माझ्यात उतरलाय म्हणायचा. दादा म्हणजे माझे वडील. दादांना तो आबांकडनं आला. आबा माझे आजोबा. त्यांच्याकडं गावकीचं काम होतं. गावात कुणाचं काही हरवलं, सरकारी साहेब यायचा असला, पाण्याचा दिवस ठरला, की आबांनी चार वेशींवर उभं राहून ओरडून सांगायचं. सांगायचं त्यांनी, पण सांगितलेल्यातलं त्यांच्यासाठी काहीच नसायचं. पुढं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर पाटलाचा माणूस बोलवायला आला तेव्हा आबा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आता ह्यो आवाज माझ्या पोराला हाक मारायला लागतोय. दुसऱ्या कामाला न्हाय." ही गोष्ट मी आबांच्या तोंडून ऐकली नाही, ते माझ्या जन्माआधीच गेले. दादांच्या तोंडून ऐकली, वर्षातनं एकदा तरी, आणि दरवेळी पाटलाचा तो माणूस दारात जास्त वेळ उभा राहायचा.

त्या पोराला आबांनी शिकवलं. पोरगं मास्तर झालं. आमच्या सगळ्या भावकीत पहिला मास्तर. शेळगावच्या बाजूला माळाकडं आमची चार एकर जमीन होती, वतनातली, निम्मी खडकाळ. दादांनी सुट्ट्यांमध्ये दगड वेचून वेचून त्यातली अडीच एकर सरळ केली. सकाळी सहाला शेतात, दहाला शाळेत, पाचला परत शेतात. धोतर नाही, पायजमा आणि पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशाला खडूचा पांढरा डाग. तो डाग घेऊनच औत धरायचे. बैल दोन, पवळ्या आणि तांब्या. दादा त्यांना काठी लावायचे नाहीत. तासाच्या, म्हणजे औताच्या एका रेघेच्या, टोकाला पोचले की मागनं नुसतं "हाऽऽ पवळ्या, वळ रं माझ्या राजा" म्हणायचे, की दोघं वळायचे. आई घरात भाकरी थापता थापता सांगायची, "तिसरं तास झालं बघ." आवाजावरनं मोजायची ती. तिन्हीसांजेला वंदना व्हायची. दादा पुढं म्हणायचे, आई आणि मी मागनं. आमच्या दोघींचं म्हणणं त्यांच्या आवाजात कुठं जायचं ते आम्हालाही कळायचं नाही. माझ्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. मी एकटीच. त्यामुळं माझं नाव बाईसाहेबासारखं घेतलं जायचं आमच्या घरात. "नंदाताई, पाणी आणता का?" असं दादा मला सहा वर्षांची असल्यापासून म्हणायचे.

शाळा आमच्या गावात नव्हती त्यांची. दोन कोसांवर माळवस्ती होती, तिथं एकशिक्षकी. तिथं आधी शाळाच नव्हती, वस्तीवरची पोरं मेंढरांमागं हिंडायची. दादांनी अर्ज करून, माणसं गोळा करून, लिंबाखाली सुरू केली. मग दोन वर्षांनी पत्र्याची खोली झाली. पहिलीला सात लेकरं घातली होती, चार मुली आणि तीन मुलगे. मी सांगते त्या वर्षी ती सात लेकरं चौथीत गेली होती. त्यांच्यामागं लहान वर्ग होते, पण त्या सातांवर दादांचा जीव. ही वस्तीवरची पहिली चौथी पास होणारी पोरं, असं ते येईल त्याला सांगायचे. त्या वस्तीचे रामतात्या म्हणून एक म्हातारे होते. त्यांची नात चंदा त्या सातांतली. त्यांच्या घरी पूर्वी आबांना ओंजळीत वरनं पाणी वाढायचे. तेच रामतात्या आता दादा आले की खांद्यावरच्या उपरण्यानं खुर्ची पुसायचे. दादा त्या खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे, चंदाचा पाढा घ्यायचे.

दिवाळीत दादांचा घसा बसला. कांद्याच्या लागणीला थंडीवाऱ्यात हिंडले म्हणून बसला, असं आम्ही धरलं. आईनं हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिला. बारामतीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. महिना झाला, दीड महिना झाला, आवाज घोगराच. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं घशात नळी घालून बघितलं आणि मग ते नाव सांगितलं जे आमच्याकडं त्या वेळी कुणी मोठ्यानं घ्यायचं नाही. आई तर शेवटपर्यंत "गळ्याचं दुखणं" एवढंच म्हणाली. किरणांचे शेक दिले, पस्तीस का काय. गळ्याची कातडी करपल्यासारखी काळी झाली. आजार दबला म्हणाले, पण आवाज गेला. कुजबुजायचंही नाही, घशावर ताण येतो, असं डॉक्टरांनी बजावलं. परत येईल का, असं आईनं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "बघू." ह्या "बघू"वर आमचं घर किती दिवस जगलं! रोज सकाळी दादा उठले की आई त्यांच्या तोंडाकडं बघायची. तेही एकदा तोंड उघडायचे. नुसता वारा यायचा, भात्यातनं येतो तसा.

म्हणून मग पाटी आली. माझी पहिलीतली दगडी पाटी माळ्यावर होती, ती काढली. दादा लिहायचे, मी वाचायची. कारण आईला अक्षर येत नव्हतं. आता हे सांगायला मला आजही जड जातं. साऱ्या वस्तीला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात आई अंगठ्यावर राहिली. दादांनी लग्नानंतर दोनदा प्रयत्न केला म्हणे. पण गुरं, शेत, बाळंतपणं, आणि आईचं ते हसणं, "मला काय मामलेदार व्हायचंय?" त्यात राहूनच गेलं. तेव्हा दादांचं बोलणं आईकडं माझ्या तोंडून जायचं. आई मात्र त्यांच्याशी ओरडून बोलायची. त्यांचे कान शाबूत होते, पण तिला वाटायचं, आवाज नाही म्हणजे ऐकूही कमी येत असेल. सगळ्या गावाचं तेच. माणसं दादांच्या कानाशी तोंड आणून ओरडायची, "गुरुजीऽऽ, बरं हाय का?" दादा हसायचे आणि पाटीवर मला लिहून दाखवायचे, "माझा कान पण जाणार आता."

दादांना गिळायला त्रास व्हायचा, म्हणून आई हुलग्याचं माडगं करायची, पातळ, वर लसणाची फोडणी. मऊ भात कालवून द्यायची. भिगवणची एक बाई मंगळवारी टोपलीत चिलापी मासे घेऊन यायची, दादांना ते फार आवडायचे. आई त्यातला एक एक काटा काढून, बोटानं पुन्हा पुन्हा चाचपून, लहान पोराला भरवावं तसं ताटात ठेवायची. एके दिवशी दादांनी लिहिलं, "मीठ जास्त झालंय. आणि काटा आहे." मी वाचलं, "म्हणत्यात, मासं झकास झालंय." आई खुश झाली. दादांनी माझ्याकडं असं बघितलं, आणि मग हसू आवरून पाणी प्यायले. त्यानंतर मी ते नेहमीच करायला लागले. कडू असेल ते जरा गोड करून वाचायचं. आईलाही संशय यायचा. म्हणायची, "खरं वाचतीस का, का पदरचं घालतीस?" मी म्हणायची, "वाच की मग तूच." आणि आम्ही तिघंही हसायचो. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घरात हसू राहायला पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

जूनमध्ये रजा संपली. दादा हजर व्हायला निघाले. आईनं विचारलं, "अन् शिकवणार कशानं?" दादांनी पाटीवर बराच वेळ लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की आपण आजारी म्हणून घरी बसलो तर माळवस्तीवर दुसरा मास्तर यायला वर्ष जाईल, आणि आला तरी तो दोन कोस चालत येणार नाही. पोरं पुन्हा मेंढरांमागं जातील. ही सात लेकरं चौथी पास झाली की मी आपणहून थांबतो. तोवर नंदानं माझ्याबरोबर यावं. फळ्यावर मी लिहीन, ती वाचेल. मी तेव्हा इंदापूरला अकरावी करून बारावीत गेले होते. दादांनी मला विचारलं होतं, हुकूम केला नव्हता, हे मला इथं नीट लिहून ठेवायचंय. मीच हो म्हणाले. एक वर्षाचा तर प्रश्न, पुढच्या वर्षी देते परीक्षा, असं म्हणाले. ती परीक्षा मी कधीच दिली नाही. पुढं जे काही वाचलं ते सासरी, चूल आवरल्यावर, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातनं आणून. पण हो मी म्हणाले होते. तेव्हा दादांनी पाटी पुसली आणि एकच ओळ लिहिली. "कुणी विचारलं तर खरं सांगायचं." मी मान हलवली. त्यांनी ती ओळ पुसली नाही, पाटी तशीच खुंटीला अडकवली, दुसऱ्या दिवशीपर्यंत.

ती शाळा अशी चालायची. दादा खुर्चीवर, हातात लाकडी पट्टी. मी फळ्याशेजारी उभी. त्यांनी लिहिलेलं मी वाचायची, पोरं माझ्यामागं म्हणायची. बरोबर आलं तर दादा टेबलावर पट्टी एकदा वाजवायचे, चुकलं तर दोनदा. माझं चुकलं तरी दोनदा. गोष्ट सांगायची असली की ते हातवारे करायचे, मी शब्द लावायची. कोल्हा यायचा तर दादा मान अशी वाकडी करून डोळे बारीक करायचे की पोरं मी बोलायच्या आधीच ओरडायची, "कोल्हा! कोल्हा आला!" आणि एक गंमत झाली. पहिल्या आठवड्यानंतर पोरं आपोआप हळू बोलायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजी बोलू शकत नाहीत तर त्यांच्यासमोर आपण कसं ओरडायचं, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं असेल. वस्तीवरच्या आयाबाया मला म्हणायच्या, "अगं नंदे, आमची पोरं घरी बी कुजबुजाय लागली. भाकर मागत्यात ती बी कानात." चंदा सगळ्यात पुढं बसायची. नऊ वर्षांची, केस कायम विस्कटलेले, आणि प्रश्न विचारायला कधी न थकणारी. आकाशात खांब का नाहीत, मेंढीला पाढे का येत नाहीत. दादांनी फळ्यावर उत्तर लिहावं म्हणून ती खुर्चीजवळ जाऊन उभी राहायची. मी उत्तर दिलं तर म्हणायची, "तुमी न्हाय, गुरुजींनी सांगायचं."

शेतात मात्र माझा आवाज चालला नाही. पेरणीपूर्वी दादांनी औत जुंपलं. तासाच्या टोकाला बैल थांबले आणि हाक यायची वाट बघत उभे राहिले. दादांचे ओठ हलत होते. मी बांधावरनं दादांसारखा घोगरा, जाड आवाज काढून ओरडले, "हाऽऽ पवळ्या." पवळ्यानं नुसते कान टवकारले. मान वळवून मागं दादांकडं बघितलं आणि तिथंच उभा. मग दादा कासरा सोडून पुढं आले. पवळ्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि उलट्या पावलांनी चालत दोघांना वळवलं. त्या दिवसापासून औतामागं आई चालायची आणि दादा बैलांच्या पुढं, उलटे, ढेकळांत अडखळत. ते बघून आई पदर तोंडाला लावायची. म्हणायची धूळ जाती.

संक्रांत झाली. ज्वारी हुरड्याला आली. रामतात्यांनी निरोप आणला की विस्तार अधिकारी शाळा तपासायला येणार आहेत, परवा. त्या दिवशी दादा हजेरीपत्रक पुरं करत आत बसले होते. रामतात्या मला लिंबाखाली बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, सायबाला कळलं तर गुरुजींना घरी बसवतील. अन् मग ह्या पोरांचं काय? तीन महिनं तर राह्यलं." मी म्हणाले, "दादांनी सांगितलंय, कुणी विचारलं तर खरं सांगायचं." तात्या म्हणाले, "मग खोटं काय हाय त्यात? शिकवत्यात तर गुरुजीच. तू निस्ती बोलतीस." मला ते इतकं पटलं! आजही कधी कधी पटतं. मी दुपारच्या सुट्टीत पोरांना लिंबाखाली बसवलं आणि पाढा घ्यावा तसं घेतलं. "साहेबांनी विचारलं, शिकवतं कोण, तर काय म्हणायचं?" "गुरुजीऽऽ!" "आणि ताई कशाला येते?" "डबा घेऊनऽऽ!" पोरांना मोठी मजा वाटली. कितीतरी महिन्यांनी त्यांना मोठ्यानं ओरडायला मिळालं होतं. मीच त्यांना म्हणाले, "हळू. आत ऐकू जाईल."

साहेब मोटारसायकलवर आले. बारीक, चष्म्याचे, बोलायला सभ्य. खुर्चीवर बसले नाहीत, गुरुजींनी बसावं म्हणाले, आणि स्वतः स्टुलावर बसले. वह्या बघितल्या, दादांचं फळ्यावरचं अक्षर बघितलं, म्हणाले, "गुरुजी, असं अक्षर मी जिल्ह्यात बघितलं नाही." दादांनी हात जोडले. ते काहीतरी बोलतील म्हणून साहेब वाट बघत राहिले. तेव्हा मी दाराशी डबा घेऊन उभी होते, मी म्हणाले, "सर्दीनं घसा बसलाय त्यांचा." दादांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी डब्याकडं बघितलं. तिथं थांबलं असतं तर कदाचित घरी जाऊन पाटीवर चार ओळींत मिटलं असतं. पण साहेबांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी पुढं बसलेल्या चंदाला उभं केलं.

"बाळ, तुला शिकवतं कोण?"

"गुरुजी शिकवतात."

"आणि ह्या ताई?"

"ताई डबा घेऊन येते."

"मग धडा वाचून कोण दाखवतं रोज?"

हे मी शिकवलं नव्हतं. चंदानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग दादांकडं, आणि आपल्या मनानं म्हणाली, "गुरुजी. मोठ्यानं वाचतात. लई मोठ्यानं वाचतात." आणि मागनं बाकीची सहा, त्यांच्यामागची लहान पोरं, सगळी एकदम म्हणाली, "मोठ्यानंऽऽ!"

दादा उठले. खडू घेतला. फळ्यावर लिहिलेला धडा अर्धा पुसला आणि त्या जागी लिहिलं. "माझा आवाज गेला आहे. जूनपासून वर्गात माझी मुलगी वाचते. मुलांचा दोष नाही." खडूचा आवाज तेवढा येत होता. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, रुमालानं पुसला, आणि हळू म्हणाले, "गुरुजी, मी चष्मा घरी विसरलोय असं समजा. पुसून टाका. तीन महिन्यांनी मी पुन्हा येईन." किती चांगला माणूस तो! मी मनात म्हणाले, पुसा दादा, पुसा. दादांनी मान हलवली, नाही अशी. पुन्हा खडू टेकवला आणि पहिल्या वाक्याखाली रेघ ओढली. मग कपाटातनं हजेरीपत्रक काढलं आणि दोन्ही हातांनी साहेबांच्या हातात दिलं. चंदा रडायला लागली होती. तिला कळत नव्हतं आपलं काय चुकलं. दादा तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिथंच बराच वेळ ठेवला. मी दाराशी उभी होते, तीन हातांवर. माझ्याकडं आले नाहीत.

रोज परत येताना मी सायकलच्या मागच्या सीटवर बसायची. त्या दिवशी दादा सायकल हातात धरून चालत निघाले आणि मी मागनं चालले, दोन कोस. हुरड्याचा वास सुटला होता, कुणीतरी बांधावरनं हाक मारली, "गुरुजीऽऽ, या की हुरडा खायाला." दादांनी हात वर केला आणि चालत राहिले. घरी आल्यावर आमचं काहीतरी बिनसलंय हे आईला दारातच दिसलं. तिनं पाटी आणि लेखणी आणून दादांपुढं धरली. "काय झालंय? लिवा. नंदे, वाच." दादांनी पाटी घेतली, खुंटीला अडकवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. आईला मीच सगळं सांगितलं. ह्या वेळी पदरचं काही घातलं नाही. आई ऐकून नुसती म्हणाली, "लेकरांना कशाला मधी घेतलंस गं?"

दादांना आजारपणाच्या रजेवर घरी बसवलं. शेळगावच्या शाळेतले एक मास्तर आठवड्यातनं तीन दिवस वस्तीवर जायला लागले. एप्रिलात सातही लेकरं चौथी पास झाली. रामतात्या पेढे घेऊन आले, दादांनी पेढा घेतला, चाटला, गिळवत नव्हता म्हणून हातात धरून बसले. पण माझ्यासाठी पाटीवर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. रागावले असते, फटकारलं असतं तर सोसलं असतं. मुळात बोलू न शकणारा माणूस अबोला धरतो तेव्हा तो कसा ओळखायचा? मी ओळखला तो असा, की ताटात मीठ कमी पडलं तरी ते उठून स्वतः घ्यायचे. पंधरा दिवस मी वाट बघितली. मग एकदा पाटीवर "दादा, माझं चुकलं" असं लिहून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी वाचलं. जेवण झाल्यावर हात धुतले, ओल्या तळव्यानं पाटी अगदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसली, आणि वाळायला उन्हात ठेवली.

दुसऱ्या दिवशी, दूध डेअरीला घालून झाल्यावर, दादा त्या पाटीवर एक मोठं अक्षर काढून आईसमोर बसले. "त." बाजूच्या तांब्यावर बोट ठेवलं. आई म्हणाली, "आता ह्या वयात?" दादांनी पुन्हा तांब्यावर बोट ठेवलं. आई लाजत म्हणाली, "त." त्यांनी ओट्यावर बोटानं एकदा टकटक केलं. असं रोज सुरू झालं. मी आत चुलीपाशी आणि बाहेर ओट्यावरनं आईचा एकटीचाच आवाज, "ग… गवताचा ग. म… म्हशीचा? न्हाय व्हय? मग मक्याचा." मध्ये टकटक, कधी एक, कधी दोन. हुशार होती माझी आई. चार महिन्यांत ती जोडून जोडून वाचायला लागली. दादांना आता घरात बोलायला माणूस मिळालं होतं, आणि ते मी नव्हते. ते लिहायचे, आई बोट फिरवत वाचायची, हसायची, कधी "चावट" म्हणून पाटी त्यांच्या अंगावर लोटायची. मी आत पीठ मळत असायची. काय लिहिलं असेल, हे विचारायचा मला धीर नव्हता. आता माझं मत असं आहे की ते माझ्यापेक्षा स्वतःवर जास्त चिडले होते. सात महिने त्या खुर्चीवर तेच बसले होते. पण हे मत मी माझ्या पन्नाशीत बनवलंय, ते त्या वेळच्या नंदाच्या उपयोगाचं नाही.

पावसाळ्यात दुखणं उलटलं. पाणी उतरेना. ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती, दुपारची वेळ होती, आई उशाशी बसली होती. दादांनी हातानं पाटी मागितली. झोपूनच लिहिलं, अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. मी पायाशी होते, मला उलटी बाजू दिसत होती. आईनं ओळीखाली बोट धरलं, ओठ हलवत हलवत वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पदरानं पाटी पुसली. दादा त्यानंतर तासाभरानं गेले. रडणं ओसरल्यावर मी विचारलं, "आई, काय लिवलं हुतं?" आई म्हणाली, "माझं हाय ते." पुढं वीस वर्षं ती जगली. एसटीची पाटी स्टँडवर मोठ्यानं वाचायची, "इंदापूर, बारामती, भिगवण," लोक बघायचे. पण ती ओळ तिनं मला सांगितली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. माझ्या तोंडून न जाता तिच्यापर्यंत आलेलं त्यांचं ते बोलणं होतं.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला माळवस्तीची सातही लेकरं आली. आता ती पाचवीत, शेळगावच्या शाळेत जात होती. गणवेशात, हात धरून, ओळीनं. वंदना झाली, माणसं जेवायला बसली. मी गोठ्यात बैलांपुढं कडबा टाकत होते, तिथं चंदा आली. अजून कुजबुजतच बोलत होती.

"ताई, आमी खोटं बोललो म्हणून गुरुजी गेलं व्हय?"

मी खाली बसले. तिचे दोन्ही दंड धरले. म्हणाले, "न्हाय गं. दुखण्यानं गेले. आणि खोटं तुमी न्हाय बोललात. मी बोलले. मी तुमाला बोलायला लावलं."

तिच्या तोंडावर कोणताही राग नव्हता, नुसता हिशेब जुळत नसल्यासारखं काहीतरी होतं.

"मग गुरुजींनी तुमाला माफ केलं?"

"मला ठाऊक न्हाय, चंदा."

तिनं मांडवाकडं बघितलं, जिथं दादांची खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीवर तसबीर.

"मग आता कुणाला इचारायचं?" ती म्हणाली.